शनिवार, दुपारी तीन, सँडीगेट

नमस्कार, श्रोतेहो.

फुटबॉलचं मैदान म्हटलं की वेम्बली, ओल्ड ट्रॅफर्ड, ॲनफिल्ड ही नावं आधी तोंडात येतात. आज मी तुम्हाला ज्या मैदानावर नेणार आहे, तिथे या स्टेडियमांचा एखादा कोपराही भरणार नाही इतके लोक मावतात. पण वयाने ते या तिघांपेक्षाही थोरलं आहे. उत्तर इंग्लंडमधल्या शेफील्ड या पोलादाच्या शहरात, पश्चिमेच्या टेकडीवर, क्रॉसपूल नावाची वस्ती आहे. तिथलं सँडीगेट हे हॅलम फुटबॉल क्लबचं मैदान. जगातलं सर्वात जुनं फुटबॉल मैदान म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद आहे.

शहराच्या मध्यातून बस निघाली की चढ सुरू होतो आणि संपतच नाही. उतरल्यावर रस्त्याच्या एका बाजूला प्लाऊ नावाचा जुना पब आणि समोर मैदानाचं दार. दारात एक आजोबा पैसे घेत होते. क्लबचे स्वयंसेवक. कुठून आलीस, असं त्यांनी विचारलं. भारतातून, म्हटल्यावर म्हणाले, "मग पहिला अर्धा वेळ खालच्या बाजूला उभी राहा, पोरी. वारा कमी लागेल." खालची बाजू म्हणजे शब्दशः खालची, कारण सँडीगेटचं मैदान चक्क उतरतं आहे. नाणेफेक जिंकणाऱ्या कप्तानाला आधी चढ घ्यायचा की उतार, याचा विचार करावा लागतो. गोलकीपरने मारलेली किक एका बाजूने लांब जाते, दुसऱ्या बाजूने मध्येच दम तोडते.

या गवतावर १८०४ पासून क्रिकेट खेळलं जात होतं. १८६० मध्ये त्याच क्रिकेटवाल्यांनी फुटबॉल क्लब काढला. शहरात तोवर शेफील्ड फुटबॉल क्लब होता. १८५७ चा, आज जगातला सर्वात जुना म्हणून ओळखला जाणारा. पण त्यांची पंचाईत अशी की आसपास खेळायला दुसरा क्लबच नव्हता. मग आपापसातच संघ पाडायचे, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे! हॅलम उभा राहिला आणि शेफील्डला प्रतिस्पर्धी मिळाला. २६ डिसेंबर १८६० ला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, याच सँडीगेटवर दोघांची गाठ पडली. शेफील्डने २-० असा सामना जिंकला. दोन क्लबांमधल्या फुटबॉलची सुरुवात इथून मानतात.

दोन वर्षांनी ब्रॅमॉल लेनवर हेच संघ दुष्काळी निधीसारख्या एका चांगल्या कामासाठी खेळायला उतरले. लँकेशायरमधल्या बेकार गिरणी कामगारांना मदत करायची होती. पण सामना इतका तापला की हाणामारी झाली. हॅलमचा वॉटरफॉल नावाचा खेळाडू समोरच्यावर धावून गेला. त्याला शिक्षा काय, तर गोल राखायला उभा केला. लाल कार्ड यायला अजून शंभर वर्षं होती.

१८६७ मध्ये थॉमस यूडन या नाट्यगृहाच्या मालकाने एक करंडक ठेवला. फुटबॉलमधला तो पहिला करंडक, इंग्लंडच्या एफए कप या जुन्या स्पर्धेच्याही चार वर्षं आधीचा, आणि तो हॅलमने जिंकला. अंतिम सामन्याला तीन हजार लोक होते आणि निकाल 'रूज'वर लागला. त्या काळच्या शेफील्डच्या नियमांत गोलच्या दोन्ही अंगांना चार-चार यार्डांवर आणखी एकेक निशाण असे. चेंडू गोलाबाहेरून पण त्या निशाणांच्या आतून गेला आणि तुमच्या खेळाडूने धावत जाऊन त्याला आधी हात लावला, तर रूज मिळे. रूज गेला, पण कॉर्नर किक आणि गोलवरचा आडवा दांडा यांच्यामागे शेफील्डचेच नियम आहेत. १८७७ मध्ये ते लंडनच्या फुटबॉल असोसिएशनच्या नियमांत मिसळले. यूडन करंडक पुढे हरवला, कित्येक दशकं त्याचा पत्ता नव्हता. १९९७ मध्ये क्लबने दोन हजार पौंड देऊन तो परत मिळवला. लहान क्लबाला दोन हजार पौंड म्हणजे काय, हे त्या दारातल्या आजोबांना विचारावं.

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे तिथले संघ समोरासमोर आले की पेठाच्या पेठा गॅलरीत येऊन बसतात, ते बघत वाढले. सँडीगेटला गर्दी कमी, पण माणसं त्याच जातीची. बचावाच्या खेळाडूला नावाने हाक मारतात, कारण तो त्यांच्या ओळखीचा असतो. आठवडाभर कुठेतरी नोकरी करून शनिवारी खेळायला आलेला असतो. दोन्हीकडचे समर्थक एकाच कठड्याला टेकून उभे असतात आणि मध्यंतराला आपला संघ ज्या गोलवर हल्ला करणार, तिकडे चालत जातात. हातात बिअरचा ग्लास चालतो. १९८५ च्या कायद्याने वरच्या पाच स्तरांच्या लीगमध्ये सामना बघताना त्याला मज्जाव आहे, इथे नाही. मी गरम 'पाय' घेतला, म्हणजे आत सारण भरून भाजलेला पदार्थ, त्यावर हेंडरसन्स रेलिश. हा पातळ, आंबट-तिखट सॉस १८८५ पासूनचा, आणि शेफील्डबाहेर बऱ्याच जणांना ठाऊकही नसतो. थंडीत त्याची चव विसरता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये टीव्हीवर फुटबॉलचे सामने सहसा थेट दाखवत नाहीत. १९६० च्या दशकापासूनचा हा रिवाज. घरबसल्या मोठे संघ दिसले तर हॅलमसारख्यांच्या दारात कोण येईल, ही त्यामागची काळजी. प्रीमियर लीग या सर्वात वरच्या लीगच्या पैशापुढे हा नियम अजून तग धरून आहे, आणि तो टिकायलाच हवा, असं मी ठामपणे म्हणते. गेटवर जमलेल्या पैशांतून गवत कापलं जातं, पंचाचे पैसे दिले जातात, पोरांचे संघ चालतात. २०१० पासून 'नॉन-लीग डे' म्हणून एक दिवसही पाळतात. देशादेशांच्या सामन्यांसाठी मोठ्या लीगची सुट्टी असते तेव्हा चाहत्यांनी जवळच्या लहान मैदानावर जावं, म्हणून.

तुमची मुलं, भाचे, पुतणे इंग्लंडात असतील आणि तुम्ही त्यांच्याकडे जाणार असाल, तर एक शनिवार यासाठी राखून ठेवा. सकाळी निघण्याआधी क्लबचा निरोप पाहा, कारण पावसाने किंवा गोठल्याने मैदान बिघडलं तर पंच सामना रद्द करतात. हातमोजे घ्या, टेकडीवरचा वारा बोचरा असतो. आणि थोडे सुटे पैसे ठेवा, रॅफलचं, म्हणजे सोडतीचं, तिकीट विकायला कुणीतरी येईलच.

नमस्कार.