बेसमेंटमधलं पाणी येतं कुठून?

(दृश्य: पार्किंगची भिंत, पायथ्याशी ओलीची रेघ, वर पांढरा लोणा.)

मे महिना. पुण्यात पावसाचा पत्ता नाही, तरी ही भिंत ओलीच. कॉन्ट्रॅक्टर येतो आणि आल्याआल्या वॉटरप्रूफिंगचा डबा उघडतो. आधी त्याला थांबवा. आतून लेप दिला की पाणी शेजारच्या कोपऱ्यातून डोकं काढतं आणि सोसायटीचे पैसे दुसऱ्यांदा जातात.

पुण्यातली बेसमेंट बहुतेक काळा बसाल्ट फोडून केलेली. खडकात खड्डा, खड्ड्यात काँक्रीटची पेटी, दोन्हींच्या मधे भराव. खडकातून पाणी सहजी मुरत नाही. त्यामुळे बागेचं, फुटक्या लाइनचं, पावसाचं, जे पाणी भरावात उतरेल ते तिथेच साठून इमारतीभोवती फिरतं. पाइप फुटतो उत्तरेला, पाझर दिसतो दक्षिणेच्या भिंतीला. ३ मीटर पाणी साचलं, की तळाशी दर चौरस मीटरला सुमारे ३ टन दाब. मग राफ्ट, म्हणजे तळाचा काँक्रीटचा स्लॅब, आणि भिंत यांचा सांधा किंवा भिंत ओतताना साचा धरून ठेवणाऱ्या टाय-रॉडचं अर्धवट बुजवलेलं एखादं भोकही त्याला पुरतं.

(दृश्य: भिंतीवर प्लास्टिक चिकटवणारे हात.)

हातभर प्लास्टिक, चारही कडा टेपने घट्ट. दिवसभर राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले, तर पाणी भिंतीतून येतंय. पार्किंगच्या बाजूला धरले, तर तो हवेतला दमटपणा. पावसाळ्यात गार भिंतीवर तो धरतोच.

मग जमिनीखालची टाकी. रात्री पंप आणि वॉल्व्ह बंद करून पातळीची खूण करा. सकाळी पाणी उतरलेलं दिसलं, तर चोर तिथेच. आणि उपशाचा पंप चालवणाऱ्या काकांना जरूर विचारा. उन्हाळ्यात पंप किती वेळा लागतो, पाणी तुंबल्यावर कोणत्या वेळी वाढतं, हे त्यांना कोणत्याही यंत्राआधी ठाऊक असतं.

(दृश्य: काचेच्या नळीत पिवळं होत जाणारं पाणी.)

गावोगावी नळाच्या पाण्यातलं क्लोरीन पाहायला करतात तीच ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडीन टेस्ट: नळीतल्या पाण्यात या रसायनाचे थेंब टाकायचे. पाझराचं पाणी पिवळं झालं, तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे पाणी महापालिकेचं. नाही झालं, तरी नळाची लाइन निर्दोष ठरत नाही; माती क्लोरीन खाऊन टाकते.

ड्रेनेजचा संशय असेल, तर चेंबरमध्ये हिरवा फ्लुरोसीन रंग सोडायचा. एका वेळी एकाच चेंबरमध्ये, आणि मग धीराने वाट पाहायची. रंग बाहेर यायला कधी कधी दिवसचे दिवस लागतात. इथे घाई करणारा पुढे सगळी फरशी उखडून बसतो.

लिफ्टच्या खड्ड्यात पाणी दिसलं, तर हे सगळं बाजूला ठेवा. आधी लिफ्ट बंद, मेन स्विच बंद.

पाइप सापडला, तर पाइप दुरुस्त करा. जमिनीतलंच पाणी असेल, तर सांध्याला भोकं पाडून पॉलियुरेथेनचं इंजेक्शन द्यावं लागतं. पाण्याला भिडताच ते फुगतं आणि फट भरून काढतं. भरावातलं पाणी ओसरायला मात्र वेळ जातो. तोवर भिंतीला रंग लावू नका.