ब्लॅकचं तिकीट, कुठल्या कलमात?

[दृश्य: मोबाइलचा पडदा, त्यावर रांगेतला क्रमांक]

२२ सप्टेंबर २०२४. रविवार, दुपारचे १२. घराघरांत जेवणं खोळंबलीत, कारण कोल्डप्ले या ब्रिटिश बँडची तिकिटं आता सुटणार. पडद्यावर आकडा उमटतो: तुमच्या पुढे काही लाख माणसं. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये जानेवारीत दोन कार्यक्रम ठरले होते. गर्दी बघून त्याच दिवशी तिसरा वाढवला. तरी बहुतेकांच्या हाती धुपाटणंच आलं.

तिकिटाचा मूळ भाव २,५०० ते ३५,००० रुपये. पण काही तासांतच दुसऱ्या संकेतस्थळांवर भाव लाखांत गेले. तिकिटं विकणाऱ्या बुकमायशोनं घाईघाईनं जाहीर केलं की या संकेतस्थळांशी आमचा काही संबंध नाही, आणि असली विक्री भारतात कायद्यानं दंडनीय आहे. पोलिसांत तक्रारही दिली.

दंडनीय. बरं, पण कुठल्या कायद्यानं?

[दृश्य: जुन्या थिएटरची खिडकी, 'हाऊसफुल्ल'ची पाटी]

ब्लॅकवाला आपल्या ओळखीचा. खिडकी बंद झाली की पाटीखाली उभा राहून, ओठ न हलवता भाव सांगणारा. हवालदार दिसला की चणेवाल्याशी गप्पा मारायला लागणारा. त्याची ती धांदल बघतच आपण मोठे झालो. त्यामुळे ब्लॅक म्हणजे गुन्हा, हे आपण धरूनच चालतो.

रेल्वेपुरतं ते खरंही आहे. रेल्वे कायदा १९८९, कलम १४३. परवानगीशिवाय तिकिटं काढून पुरवायचा धंदा केला, तर ३ वर्षांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की, खोट्या खात्यांतून काढलेली ई-तिकिटंसुद्धा यात येतात. कायदा झाला तेव्हा इंटरनेट नव्हतं, ही सबब चालली नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी, १० जानेवारीला, मुंबई उच्च न्यायालयानं कार्यक्रमांच्या तिकिटांच्या काळ्या बाजाराविरुद्धची जनहित याचिका फेटाळली. कोल्डप्लेचा पहिला कार्यक्रम आठ दिवसांवर आला होता. नियम करायचे तर ते विधिमंडळानं आणि सरकारनं करावेत, न्यायालयानं नव्हे, असं खंडपीठाचं म्हणणं.

[दृश्य: कायद्याचं पुस्तक, एका ओळीवर बोट]

मग हाती उरतं काय? भारतीय न्याय संहिता, १ जुलै २०२४ पासून लागू. कलम ११२, किरकोळ संघटित गुन्हा. चोरी, फसवणूक, जुगार, पेपरफुटी, आणि याच पंगतीत 'तिकिटांची अनधिकृत विक्री'. शिक्षा किमान १ वर्ष, जास्तीत जास्त ७. ऐकायला दणकट. पण कलमाची सुरुवातच टोळीपासून होते: आरोपी एखाद्या गटाचा, टोळीचा सदस्य हवा. आणि अनधिकृत कशाला म्हणायचं, ते कलमात सांगितलेलंच नाही. छापील भावाच्या किती वर गेलं की गुन्हा, याचा तर उल्लेखही नाही.

बनावट तिकिटाचं सोपं आहे. ती सरळ फसवणूक. ऑक्टोबर २०२४ मध्ये ईडीनं छापे टाकले, तेव्हा मामल्यात हेही होतं: इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, टेलिग्रामवरून खोटी तिकिटं खपवणं. गोची आहे ती खऱ्या तिकिटाची.

[दृश्य: नेरूळ स्टेशनबाहेरची गर्दी]

समजा, चौघा मित्रांची तिकिटं आहेत. एकाला ऐन वेळी ताप भरला. त्याचं ४,५०० चं तिकीट उरलेल्यांनी स्टेशनबाहेर ९,००० ला दिलं. पुनर्विक्री करायची नाही, ही तिकिटावरची अट मोडली; आयोजक ते तिकीट रद्द करू शकतो. पण ती अट म्हणजे आयोजक आणि गिऱ्हाईक यांच्यातला करार. तो मोडला म्हणून कुणी तुरुंगात जात नाही. कलम ११२ लावायचं, तर पोलिसांना आधी या तिघांची टोळी सिद्ध करावी लागेल.

आणि शेकडो खाती उघडून, तिकिटं उचलून, परदेशी संकेतस्थळावर विकणारा? तो तर स्टेशनबाहेर उभाच नसतो.