मादेरा, एक डोंगर आणि निळा मार्लिन

मंडळी, निळ्या मार्लिनचा, म्हणजे भाल्यासारख्या लांब चोचीच्या त्या मोठ्या समुद्री माशाचा, विषय काढला की पहिला प्रश्न वजनाचा येतो. वजनाकडे येतोच मी, पण आधी डोंगराबद्दल बोलू द्या.

मादेरा हे अटलांटिकमधलं पोर्तुगालचं बेट. ज्वालामुखीतून वर आलेलं. त्याचं सर्वोच्च शिखर, पिकू रुईवू, 1862 मीटर उंच आहे आणि हाच उतार पाण्याखालीही तसाच खाली जातो. मुंबईसमोर दोनशे किलोमीटर आत गेलात तरी समुद्राचा तळ फार खोल नसतो. इथे किनाऱ्यापासून थोडं पुढे गेलं की बोटीखाली हजार मीटर पाणी! म्हणून खोल समुद्रात फिरणारा मार्लिन इथे किनाऱ्यावरून दिसणाऱ्या बोटींना सापडतो. शिवाय वारा ईशान्येकडून येतो, तो डोंगर अडवतो आणि बेटाच्या दक्षिणेला फुंशाल, काल्येता या बंदरांच्या बाजूला उन्हाळ्यात पाणी निवांत असतं. बाकीचा अटलांटिक खवळलेला असतानासुद्धा.

या खोलीवर पोट भरणारे वेगळेच. कामारा द लोबुशचे कोळी हजार मीटरच्या आसपास गळ सोडून काळा, लांबोडका, भयानक दातांचा एश्पादा मासा काढतात. चर्चिल 1950 साली त्या बंदरात चित्र काढत बसले होते, आणि प्रवाशांना तेवढंच सांगितलं जातं. त्या कोळ्यांचं काम मला मार्लिनच्या शिकारीपेक्षा अवघड वाटतं, पण त्यांचे फोटो कोणी भिंतीवर लावत नाही.

आता शिकार. बोट सात-आठ नॉटच्या, म्हणजे ताशी तेरा ते पंधरा किलोमीटरच्या, वेगाने चालते आणि मागे रंगीत झालरीची प्लास्टिकची आमिषं पाण्यावर उड्या मारत येतात. तासन्‌तास काही घडत नाही. मग एकदम रीळ किंचाळायला लागतं, कप्तान बाकीच्या दोऱ्या आत घ्यायला ओरडतो, आणि ज्याची पाळी असेल तो खुर्चीत बसतो. खेळाचे नियम 1939 साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे, म्हणजे आयजीएफएचे. मासा लागल्यापासून गळकाठी, रीळ आणि दोरी यांना दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. लावला तर विक्रमाच्या वहीत नोंद नाही. शेवटी लीडर, म्हणजे गळाजवळची जाड दोरी, खलाशाच्या हाती आली की मासा धरला असं मानतात. बोटीत घेण्याची गरज नसते.

आणि आता वजन. हजार पौंडांच्या, म्हणजे साधारण 454 किलोच्या वरच्या माशाला ‘ग्रँडर’ म्हणतात. अटलांटिकमधला विक्रम 1992 सालचा, ब्राझीलच्या व्हितोरियाजवळचा, 636 किलोंचा. पण नर मार्लिन दीडशे किलोंच्या पुढे क्वचितच जातो. म्हणजे बंदरावर उलटी टांगून जिच्याबरोबर फोटो काढायचे, ती मादीच. सगळ्यात जास्त अंडी घालणारी. शौकीन लोकांनी वर्षानुवर्षं सर्वांत मोठ्या माशाला बक्षीस दिलं, म्हणजे नेमकं काय निवडून मारलं ते बघा. आज मादेराच्या बोटी बहुधा माशाला ओळखीची खूण (टॅग) लावून सोडून देतात, वजन अंदाजाने सांगतात. अंदाज अर्थातच थोडा उदार असतो! तेवढी फुशारकी मला चालते, मादी पाण्यात परत गेली म्हणजे झालं.

खुणा लावण्याचा फायदा दुसराही आहे: मासा कुठवर फिरतो ते कळतं. अमेरिकेच्या डेलावेअरजवळ खूण लावलेला एक निळा मार्लिन थेट मॉरिशसजवळ सापडला, हिंदी महासागरात. मॉरिशसला आपली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण हा पाहुणा त्यांच्यापेक्षा बराच लांबून आला होता, निदान नऊ हजार मैलांवरून.

अटलांटिकमधला निळा मार्लिन आता कमी झालाय. मग तो कमी का झाला? दोष मुख्यतः गळकाठीवाल्यांचा नाही. ट्यूना आणि तलवारमाशासाठी मैलोन्‌मैल लांब दोऱ्या, त्यांना शेकडो गळ असं लावून ठेवतात. त्यात मार्लिन आयताच अडकतो. अटलांटिकमधल्या मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या देशोदेशींच्या ट्यूना आयोगाने 2018 च्या पाहणीत मार्लिनचा साठा जास्त उपसला गेल्याचं सांगितलं आणि पुढे वर्षाला 1670 टनच मार्लिन पकडायची मर्यादा घातली. ही मर्यादा सगळ्या देशांची मिळून, आणि ती पाळली जाते की नाही हे फुंशालच्या धक्क्यावर नव्हे, भर समुद्रातल्या त्या जहाजांवर ठरतं.