वणव्यातून निघालेला सांगाडा

(दृश्य: खिडकीतला रोपांचा ट्रे. एका ओळीवरून हात अलगद फिरतो, दुसरी ओळ तशीच.)

खिडकीत वाढलेलं टोमॅटोचं रोप भराभर उंच होतं, पण लेचंपेचं. गच्चीवर नेलं की पहिल्याच वाऱ्यात मान टाकतं. म्हणून जाणती बागवाली मंडळी रोपांवरून रोज हात फिरवतात. हे लाड नव्हेत, तालीम आहे. 1973 साली वनस्पतिशास्त्रज्ञ मॉर्डेकाय जॅफी यांनी रोपांची खोडं नुसती बोटांनी चोळून दाखवून दिलं, की अशी रोपं बुटकी राहतात आणि बहुधा खोडाने जाडही होतात.

(दृश्य: मांडीच्या हाडाचा उभा छेद.)

हाडालाही ही तालीम लागते. खुब्याजवळ मांडीचं हाड उभं कापलं, तर आत बारीक काड्यांची जाळी दिसते. 1866 मध्ये झुरिकला कार्ल कुलमन या इंजिनिअरने शरीररचनातज्ज्ञ हेर्मान फॉन मायर यांच्याकडे असा छेद पाहिला. काड्यांच्या कमानी त्याला ओळखीच्या वाटल्या: वाकड्या क्रेनमधले ताण आणि दाब ज्या रेषांनी जातात, तशाच. पुढे 1892 मध्ये शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी नियमच मांडला, की भार पडेल तसं हाड घडतं. भार गेला की झिजतं. अंतराळात पुरेसा व्यायाम नसेल, तर खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का कमी होतं.

(दृश्य: डावीकडे रोपाचा फोटो, उजवीकडे हाडाचा स्कॅन.)

खोड असो की काडी, जाडी मोजायची कशी? संगणकाला दोन्हीकडे आधी एकच काम असतं: हवं ते उरलेल्यातून वेगळं काढायचं. पानासाठी जुनी, साधी युक्ती आहे. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यात हिरवा, लाल, निळा किती, याचे आकडे असतात. हिरव्याची दुप्पट करा, त्यातून लाल आणि निळा वजा करा. माती मागे पडते. हाडाला रंग नाही, तिथे करड्या छटांमध्ये एक रेघ ओढावी लागते: तिच्याहून उजळ ते हाड, गडद ते बाकीचं. ती कुठे ओढायची, हे चित्रालाच ठरवू देणारी रीत नोबुयुकी ओत्सु यांनी 1979 मध्ये दिली.

मग येतो हॅरी ब्लम यांचा 1967 चा वणवा. माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत देखणी कल्पना हीच. समजा, तो आकार म्हणजे वाळलेल्या गवताचं रान आहे. त्याला चहूकडून एकाच क्षणी आग लावली. आत सरकणाऱ्या ज्वाळा जिथे समोरासमोर येऊन विझतात, ती रेघ म्हणजे आकाराचा ‘सांगाडा’. आग तिथे पोचायला जितका वेळ लागला, तितकी अर्धी जाडी. खोडही असंच मोजतात आणि हाडातली काडीही. हाडाचा सांगाडा काढायचा, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण प्रयोगशाळेत हाच शब्द चालतो.

(दृश्य: स्कॅन मोठा होत जातो, कडा पुसट होतात.)

घोळ होतो तो कडांपाशी. हाडातली काडी मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढी. रुग्णालयातल्या नेहमीच्या सीटी स्कॅनचा ठिपका त्याहून मोठा, त्यामुळे शेजारच्या दोन काड्या एक होऊन जातात. ट्रेवरच्या कॅमेऱ्याचंही तेच. काल त्याने चार पानं मोजली, आज तीन.

(दृश्य: हात एक पान बाजूला करतो. खाली चौथं.)