बोटं मोडण्याआधी जरा बोटाकडे बघा

नमस्कार मंडळी, कसे आहात, जेवणं झाली का. आज बोलायचंय बोटाबद्दल. डाव्या हाताची तर्जनी, जिच्यावर मतदान केंद्रात शाई लावतात, जिचा बाहेर येऊन आपण सेल्फी काढतो, आणि मग पुढची चार-पाच वर्षं सरकारच्या नावाने बोटं मोडताना तिचाही नंबर लागतोच.

आमच्या घरी रात्री जेवताना बातम्या लावायची वाईट सवय आहे. माझे सासरे एसटीतून रिटायर झालेले, कुठल्याच पक्षाचे नाहीत त्यामुळे सगळ्याच पक्षांना शिव्या द्यायला मोकळे, आणि टीव्हीवर खाली पट्टी आली की अमुक तमुक इकडून तिकडे गेला, की ते खरोखरची बोटं मोडतात, कट कट कट, एकेक पेर. सासूबाई लगेच, अहो नका मोडू, संधिवात होईल. ते म्हणतात, झाला तर ह्यांच्यामुळे झाला म्हणून सांगेन. वरण-भात गार होईपर्यंत हे असं चालतं.

आता मी शाळेत सायन्स शिकवते त्यामुळे मला काही स्वस्थ बसवत नाही. तो कट आवाज येतो कुठून? तर हाडावर हाड आपटत नाही हो. सांध्याच्या आत एक बुळबुळीत पाणी असतं, वंगणासारखं, आणि त्यात थोडा गॅस विरघळलेला असतो. बोट ओढलं की दोन हाडांमधली जागा एकदम वाढते, आतला दाब पडतो आणि तिथे गॅसची पोकळी तयार होते. आवाज पोकळी तयार होताना येतो की फुटताना, ह्याच्यावर शास्त्रज्ञांची भांडणं आहेत. २०१५ साली कॅनडातल्या लोकांनी चालू एमआरआय मशीनमध्ये बोट ओढून बघितलं, तर पोकळी तयार होतानाच आवाज आलेला दिसला, मग तीन वर्षांनी दुसऱ्यांनी गणित मांडून दाखवलं की नाही, ती फुटतेय म्हणून आवाज येतोय. म्हणजे तिथेही दोन गट आहेतच. आणि एकदा वाजलेलं बोट लगेच परत वाजत नाही, साधारण वीस मिनिटं थांबावं लागतं, तेवढ्यात चॅनेलवर दुसरी ब्रेकिंग न्यूज आलेली असते.

संधिवाताचं म्हणाल तर अमेरिकेत डोनाल्ड अंगर म्हणून एक डॉक्टर होते. त्यांच्या आईने, मावशांनी लहानपणी हेच सांगितलेलं, बोटं मोडू नको संधिवात होईल. तर ह्या माणसाने काय केलं, पन्नासहून जास्त वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, दिवसातून किमान दोनदा, आणि उजव्या हाताला हातच लावला नाही. शेवटी दोन्ही हात तपासले, संधिवात ह्यातही नाही आणि त्यातही नाही. २००९ साली त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसायला लावणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीस असतं ना ते. एका माणसावरून सिद्ध काहीच होत नाही हे मान्य, पण मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, त्याला आपल्या बातम्या बघाव्या लागत नव्हत्या.

त्यात तथ्य आहे म्हणा. चिडलो की किडनीच्या डोक्यावर बसलेल्या छोट्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनालिन सुटतं, छाती धडधडते, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं, म्हणून बातम्यांसोबत जेवलेलं अंगाला लागत नाही असं माझं स्वतःचं मत आहे, ते सायन्स म्हणून धरू नका. पण तळहाताला घाम सुटतो ते मात्र पक्कं. बाकी अंगाला उकाड्याने घाम येतो, तळहात-तळपायाचा घाम जास्त करून मनाच्या तालावर चालतो, थंडीतसुद्धा. हा घाम लक्षात ठेवा, पुढे शाईपाशी लागणार आहे.

तर शाई. जानेवारी २०२६ मध्ये आमच्याकडे पुण्यात महापालिकेचं मतदान झालं आणि मार्चमध्ये आठवीच्या वर्गात मी फळ्यावर लिहित असताना पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, मॅडम, तुमची शाई वर चाललीये. बघितलं तर खरंच. मतदानाच्या दिवशी कातडीपासून नखापर्यंत सलग असलेली रेघ, त्यातली कातडीवरची कधीच गेलेली, आणि नखावरची पुढे सरकून मागे स्वच्छ गुलाबी नख आलेलं. पोरांनी लगेच पट्टी काढली. सहा मिलिमीटर. मग पुढचा अख्खा तास तेच, धडा राहिला बाजूला.

होतं काय की कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि तो सतत गळत असतो, आंघोळीत, टॉवेलला, उशीवर, म्हणून कातडीवरचा डाग दोन-तीन आठवड्यांत फिका पडतो. नख मात्र गळत नाही, ते नुसतं पुढे जातं. नखाच्या मुळाशी कातडीखाली एक जागा असते, अंगठ्याला पांढरी चंद्रकोर दिसते ना, तो तिचाच दिसणारा भाग. तिथे नव्या पेशी तयार होतात आणि जुन्यांना पुढे ढकलतात, सोऱ्यातून शेव पडावी तसं, आणि ढकलता ढकलता त्या चपट्या होतात, कडक होतात, मरतात. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्मंसुद्धा नाही. मधल्या बोटाचं सगळ्यात भराभर, करंगळीचं आणि अंगठ्याचं हळू. पूर्ण नख बदलायला सहाएक महिने लागतात.

आणि शाई पुसत का नाही? त्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, चांदीचा क्षार. आपल्या घामातल्या मिठाशी तो भिडला की सिल्व्हर क्लोराइड होतं, ते पाण्यात विरघळत नाही, आणि उजेड लागला की काळं पडतं. जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो ज्या तत्त्वावर निघायचे तेच हे. लावताना जो जांभळा रंग दिसतो तो नुसता रंग, खरा डाग नंतर उन्हात चढतो. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीपासून ही वापरतात, बनते म्हैसूरला, कर्नाटक सरकारच्या कंपनीत, जी मुळात १९३७ साली म्हैसूरच्या महाराजांनी काढलेली. डाव्या हाताला तर्जनी नसेल तर दुसरं कुठलं बोट, डावा हातच नसेल तर उजव्याचं कुठलं, इथपर्यंत नियमात लिहून ठेवलंय. म्हणजे मतदाराने दोनदा मत देऊ नये म्हणून रसायनशास्त्र, कारखाना आणि नियमावली, सगळा बंदोबस्त. (महापालिकेला राज्य निवडणूक आयोग असतो आणि ह्यावेळी बाटलीऐवजी मार्कर पेन वापरले, ते पुसले जातात म्हणून केवढा गोंधळ झाला ते तुम्ही बघितलंच असेल, माझी काही पुसली गेली नाही, असो.)

त्या दिवशी घरी येऊन मी आणि सासऱ्यांनी एक उद्योग केला, जो तुम्ही पण करून बघा. गेल्या सहा-सात वर्षांचं महाराष्ट्राचं राजकारण आम्ही नखाने मोजलं. २१ ऑक्टोबर २०१९ ला विधानसभेचं मतदान झालं, आपण शाई लावून आलो. २३ नोव्हेंबरचा तो भल्या सकाळचा शपथविधी झाला तेव्हा रेघ तीन-साडेतीन मिलिमीटर सरकली होती. ते सरकार ऐंशी तास टिकलं, म्हणजे नखाच्या हिशोबात अर्धा मिलिमीटर पण नाही. २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर दुसराच शपथविधी, ज्यांच्या विरोधात मतं मागितली त्यांच्याच सोबत सरकार, आणि बोटावरची शाई अजून नखाच्या अर्ध्यात पण पोचली नव्हती. पुढे जून २०२२, सुरत, गुवाहाटी, शिवसेना फुटली, तोपर्यंत नख पाचेक वेळा तरी नवं झालं असेल. मग २ जुलै २०२३, दुसरा पक्ष, राष्ट्रवादी फुटली. सासरे म्हणाले, पूर्वी असं नव्हतं. मी म्हटलं बाबा, होतं की. १९६७ साली हरियाणात गया लाल नावाच्या आमदाराने पंधरा दिवसांत तीन वेळा पक्ष बदलला, त्यावरूनच तर आयाराम गयाराम आलं. पंधरा दिवस म्हणजे दीड मिलिमीटर.

माझा राग इथे आहे. मतदाराच्या बोटावर डाग पडतो काही मिनिटांत. आणि ज्याला निवडून दिलं त्याने उडी मारली तर त्याच्यावर डाग पडावा म्हणून १९८५ साली घटनेत दहावी अनुसूची घातली, आपण पक्षांतर बंदी म्हणतो ती. आधी पक्षाचे एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं, २००३ साली ते काढलं, दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायची सवलत तशीच राहिली. पण अपात्रतेचा निर्णय घ्यायचा विधानसभेच्या अध्यक्षांनी, जे स्वतः कुठल्यातरी पक्षातूनच आलेले, आणि किती दिवसांत घ्यायचा ते त्या अनुसूचीत लिहिलेलंच नाही! जानेवारी २०२० मध्ये मणिपूरच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की साधारण तीन महिन्यांत निकाल द्यावा. तीन महिने म्हणजे नऊ मिलिमीटर, ठीक आहे, शाई पुसायच्या आत. आपल्याकडे काय झालं, जून २०२२ मध्ये फूट पडली, ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं अध्यक्षांनी वाजवी वेळेत ठरवावं, मग पुन्हा कोर्टाला मुदत घालून द्यावी लागली, ती पण वाढली, आणि १० जानेवारी २०२४ ला निकाल आला की कुठल्याच बाजूचा कुणीच अपात्र नाही. दीड वर्षात तीन नखं आली आणि गेली. मी कुणाच्या बाजूने बोलत नाहीये, खरी शिवसेना कुणाची, खरी राष्ट्रवादी कुणाची, तुमचं तुमचं मत असेल, माझं मलाही आहे, पण तुमचं मत बरोबर ठरो की चूक, ते ठरायला एवढा वेळ लागतो की तोवर पुढची निवडणूक दारात आलेली असते. संशय मतदारावर जास्त, असा ह्याचा सरळ अर्थ मी लावते.

आणि महापालिकेचं तर विचारूच नका. पुण्यात, मुंबईत आधीचं मतदान २१ फेब्रुवारी २०१७ ला. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, मग प्रशासक. ओबीसी आरक्षणाची केस, प्रभाग रचना, तारीख पे तारीख, शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. जवळपास नऊ वर्षं. नखाने मोजलं तर तीनशे वीस मिलिमीटर, न कापता ठेवलं असतं तर शाळेतल्या पट्टीच्या बाहेर गेलं असतं. जो पोरगा फेब्रुवारी २०१७ च्या मतदानानंतर लगेच अठराचा झाला त्याने नगरसेवकासाठी पहिलं मत दिलं तेव्हा तो सव्वीस संपवून सत्ताविशीला टेकलेला. मधली चार वर्षं रस्त्यातला खड्डा दाखवायला नगरसेवकच नव्हता, अर्ज करा आणि टोकन नंबर घेऊन वाट बघा. त्या चार वर्षांबद्दल आम्ही जेवताना जेवढी बोटं मोडली त्याच्या दहावा भाग जरी पत्रं लिहिली असती तर… जाऊ दे, सासरे ऐकतायत, ते म्हणतील पत्रं मीच लिहिली होती, आणि खरंय, लिहिली होती त्यांनी.

चिकाटीवरून आठवलं. अमेरिकेत आयोवा राज्यात विल्यम बीन म्हणून आणखी एक डॉक्टर होते. १९४१ पासून त्यांनी आपल्या डाव्या अंगठ्याच्या नखावर मुळाशी एक आडवी खाच पाडायची आणि ती टोकाला कधी पोचते ते लिहून ठेवायचं, असं पस्तीस वर्षं केलं. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी नख रोज ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. बास, एवढंच निघालं त्यातून, की वय झालं की नख मंदावतं. पस्तीस वर्षांत एवढंच कळलं तरी माणूस कंटाळला नाही! आपल्या वॉर्डातल्या एका कामाची अशी वही कुणी पाच वर्षं ठेवली, नुसती तारीख आणि काय झालं एवढंच, तर मला वाटतं चॅनेलवरच्या चर्चेपेक्षा ती वही साहेबांना जास्त टोचेल. आमच्या आठवीच्या पोरांनी कोपऱ्यावरच्या फुटलेल्या चेंबरची वही सुरू केलीये. त्यांना राजकारणात काडीचा रस नाही, त्यांना फक्त नख आधी पूर्ण बदलतंय की झाकण आधी बसतंय ह्याच्यावर पैज लावायचीये.

जाता जाता तुमच्या मेसेजमधले दोन प्रश्न घेते. एका ताईंनी विचारलंय, नखावर पांढरे ठिपके आले म्हणजे कॅल्शियम कमी झालं का. बहुतेक वेळा नाही, मुळाशी कधीतरी दार लागलेलं असतं, कडी लागलेली असते, ती जागा पुढे सरकून दिसायला लागते एवढंच. पण आडवी खोल खाच एकदम बऱ्याच नखांवर दिसली तर दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप, मोठं आजारपण झालं होतं का ते आठवा, तेवढ्या काळात नखाची वाढ थांबलेली असते, आणि काही आठवत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

दुसरा प्रश्न साताऱ्याहून एका आजोबांचा, मेल्यावर पण नखं वाढत राहतात हे खरं का. नाही आजोबा. कातडी सुकून मागे सरकते म्हणून नख लांब दिसतं, वाढत काही नाही. मेल्यानंतर चालू राहतं ते फक्त मतदार यादीतलं नाव, तेव्हा घरात कुणी गेलं असेल तर फॉर्म नंबर सात भरून ते काढून घ्या, बीएलओकडे, म्हणजे आपल्या भागातली मतदार यादी बघणाऱ्या माणसाकडे मिळतो. येते मी, पुढच्या गुरुवारी उचकीबद्दल बोलू.