दायमाबादचा रथ आणि इनामगावचे रांजण

श्रोतेहो, 1974 साली प्रवरेच्या काठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे, झाडाचे मूळ काढण्यासाठी खणत असलेल्या एका भिल्ल शेतकऱ्याला ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. दोन बैल जुंपलेला, सुमारे 45 सेंटिमीटर लांबीचा एक रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा त्या चार वस्तू. चारही भरीव आणि मिळून 60 किलोंहून अधिक वजनाच्या. रथात सारथी उभा आहे आणि पुढच्या दांडीवर चक्क एक कुत्रा. तो तिथे कशासाठी चढवला असेल, हा प्रश्न मला सारथ्यापेक्षा अधिक छळतो.

या मूर्ती किती जुन्या, यावर मात्र तज्ज्ञांचे एकमत नाही. धवळीकर, राव आणि साळी या पुरातत्त्वज्ञांनी त्या उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या टप्प्यातील मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूचे पृथक्करण पाहून शंका घेतली. या ब्राँझमध्ये आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे आणि ताम्रपाषाण काळातील, म्हणजे तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरली जात त्या काळातील, इतर वस्तूंत तशी मिश्रधातू आढळत नाही, म्हणून त्या बऱ्याच नंतरच्या, ऐतिहासिक काळातीलही असू शकतील, असे त्यांचे म्हणणे होते. धातूचे वय कार्बन-14 पद्धतीने काढता येत नाही. त्यासाठी त्याच थरातील कोळसा किंवा जळके धान्य लागते, आणि इथे वस्तू हाती आली ती थराची नोंद होण्याआधीच. यात त्या शेतकऱ्याचा काहीही दोष नाही, मूळ काढायला निघालेला माणूस थर मोजत बसत नाही. परंतु परिणाम असा की दख्खनमधील एवढ्या देखण्या शिल्पांविषयी आपण ठामपणे बोलू शकतो ते त्यांच्या रूपाविषयी, काळाविषयी नव्हे.

आता याउलट शिरूर तालुक्यातील, घोड नदीकाठच्या इनामगावकडे या. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी आणि धवळीकर यांनी 1968 पासून अनेक वर्षे उत्खनन केले. तिथले मातीचे रांजण पाहून कोणी थबकत नाही. पण हे रांजण जोडीजोडीने, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली आडवे ठेवलेले सापडले आणि त्यांच्या पोटात लहान मुलांचे सांगाडे होते. मूल गेले तरी ते घरातच राहावे, असे आईबापांना वाटले असेल का? हे मी अनुमान म्हणून सांगतो. रांजणांची जागा मात्र अनुमान नाही, ती जागेवर नोंदलेली आहे. प्रौढांना खड्ड्यात उताणे निजवून, डोके उत्तरेकडे करून पुरत, आणि पुष्कळदा त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली असत. मेलेल्याने उठून परत येऊ नये म्हणून, असा अर्थ लावला जातो.

त्याच वस्तीत पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांचा एक मोठा मातीचा रांजण निघाला. त्यात सुमारे चाळिशीच्या एका पुरुषाला बसवून पुरले होते, आणि त्याची पावले शाबूत होती. घर मोठे, रांजण वेगळा, पावले न तोडलेली: या तीन गोष्टी एकत्र नोंदल्या गेल्या म्हणूनच हा गावाचा प्रमुख असावा, असे म्हणता येते. तोच रांजण बाजारातून संग्रहालयात आला असता, तर त्याच्या पाटीवर ‘चार पायांचे मृद्भांडे’ यापलीकडे काही लिहिता आले नसते.