टेलर, बफेलो

नमस्कार श्रोतेहो.

काड्यापेटीचे छाप तुमच्यापैकी कितीजणांनी जमवले होते? आम्ही जमवायचो. रस्त्यात रिकामी पेटी दिसली की आधी पायाने उलटवायची, छाप नवा असला तरच वाकायचं. अमेरिकेतल्या पोरांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हाच उद्योग सिगारेटच्या पाकिटांवर केला. तंबाखूच्या दुकानाबाहेर उभं राहायचं आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाकडे आतलं चित्र मागायचं.

पाकिटं तेव्हा मऊ कागदाची असत. सिगारेटी मोडू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालत. मग तो कोरा तरी का ठेवायचा? म्हणून त्यावर नट्या आल्या, झेंडे आले, पक्षी आले आणि बेसबॉलचे खेळाडू आले. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने अशी ५२४ वेगवेगळी कार्डं काढली. दीड इंचाला जरा कमी रुंद, अडीच इंचाहून जरा जास्त उंच. पुढे खेळाडूचं रंगीत चित्र, खाली आडनाव आणि संघ, मागे सिगारेटची जाहिरात. संग्राहक या संचाला ‘टी २०६’ म्हणतात.

बातम्यांमध्ये येतं ते यातलं एकच कार्ड, होनस वॅग्नरचं. फार मोठा खेळाडू. त्याचं कार्ड छापायला सुरुवात झाली आणि लगेच थांबली. कोणी म्हणतात, पोरांनी त्याच्या चित्रापायी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला नको होतं. कोणी म्हणतात, पैशांवरून बिनसलं. स्वतः गडी तंबाखू चघळायचा, हेही सांगून ठेवतो! पण त्यामुळे कार्डं थोडीच उरली, आणि त्यातलं एक २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरला गेलं. असो. वॅग्नरची काळजी करायला लिलाववाले आहेत.

मला बोलायचंय ते उरलेल्यांबद्दल. संग्राहकांच्या भाषेत त्यांना ‘कॉमन’ म्हणतात. म्हणजे बाजारात ज्यांच्यामागे कोणी धावत नाही ते. माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो. गेल्या दिवाळीत येताना त्याने माझ्यासाठी एक टी २०६ कार्ड आणलं. कोपरे झिजलेले, मधोमध घडी. चांगल्या बुटांच्या जोडाच्या किमतीत मिळालं म्हणाला. चित्राखाली तपकिरी अक्षरांत दोनच शब्द: टेलर, बफेलो.

बफेलो हे न्यूयॉर्क राज्यातलं शहर, आणि तिथला संघ म्हणजे दुय्यम दर्जाची लीग. कारकीर्द उताराला लागल्यावर माणूस जिथे जाऊन खेळतो तसली जागा. मला वाटलं, असेल कोणी सोम्यागोम्या. मग शोधायला बसलो.

हा ल्यूथर टेलर. कॅन्सासचा, जन्मापासून बहिरा, मूकबधिरांच्या शाळेत शिकलेला. बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे आपला गोलंदाज म्हणा. वर्तमानपत्रं त्याला सर्रास ‘डमी’ म्हणत, म्हणजे मुका. तेव्हा यात कोणाला काही वावगं वाटत नसे. १९०० साली तो न्यूयॉर्क जायंट्स या मेजर लीगमधल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या संघात आला. १९०२ च्या मे महिन्यात सिनसिनाटीविरुद्ध तो पिचिंगला उभा होता आणि समोर बॅट घेऊन आला विल्यम हॉय, तोही बहिराच. मेजर लीगमध्ये दोन बहिरे खेळाडू असे आमनेसामने पहिल्यांदाच आले. हॉयने म्हणे खुणेनेच सांगितलं, तुला बघून आनंद झाला. आणि मग दोन हिट मारले त्याच्याच चेंडूंवर.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढे आहे. जायंट्सचा मॅनेजर होता जॉन मॅक्ग्रॉ. जमदग्नीचा अवतार, पंचांशी भांडण्यात हयात गेली. या माणसाने टेलरशी बोलता यावं म्हणून बोटांची भाषा शिकून घेतली, आणि संघातले बाकीचेही शिकले. एका बहिऱ्या माणसाला बोलायला लावण्याऐवजी सगळ्या संघाने हात हलवायला सुरुवात केली! टेलर हात हलवून पंचांना शिव्याही देत असे. एका पंचाला ती भाषा येत होती, त्याने खुणेनेच उत्तर देऊन टेलरला दंड केला असं सांगतात. पावसात सामना थांबवायला पंच तयार नाहीत, तर हा गडी रबरी बूट चढवून मैदानात उतरला, असाही एक किस्सा आहे.

आता आकडे. १९०४ साली जायंट्सने १०६ सामने जिंकले. बेसबॉलमध्ये विजय पिचरच्या नावावर लिहितात. त्यातले ३५ मॅकगिनिटीच्या नावावर, ३३ मॅथ्यूसनच्या आणि २१ आपल्या टेलरच्या. २१ म्हणजे कुठल्याही संघात त्याला डोक्यावर घेतलं असतं. पण इथे पुढे दोन डोंगर उभे. पुढच्या वर्षी वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेत, तिसरा सामना टेलरला मिळणार होता. त्या दिवशी पाऊस पडला, सामना एक दिवस पुढे गेला, तेवढ्यात मॅथ्यूसनला विश्रांती मिळाली आणि चेंडू त्याच्या हातात गेला. टेलर एकही चेंडू न टाकता जगज्जेता झाला. पुढे बफेलो, आणि मग माझ्या हातातलं हे कार्ड. निवृत्तीनंतर तो मूकबधिरांच्या शाळांमध्ये काम करत राहिला. तिथे त्याच्या हाताखाली तयार झालेला डिक सायपेक १९४५ मध्ये सिनसिनाटीकडून मेजर लीगमध्ये उतरला. ते बघायला टेलर हयात होता.

याच संचात जो डॉयल नावाचा दुसरा एक पिचर आहे. खेळायला इतका संथ की ‘स्लो जो’ हेच नाव पडलं. मेजर लीगमध्ये २२ जिंकले, २१ हरले. तो न्यूयॉर्कच्या अमेरिकन लीगमधल्या संघाचा, पण न्यूयॉर्कच्याच नॅशनल लीगमधल्या संघात दुसरा एक डॉयल होता, म्हणून छापखान्याने याच्यापुढे ‘नॅशनल’ घातलं. चूक लगेच सुधारली. चुकीची जी थोडी कार्डं बाहेर गेली, ती आज वॅग्नरच्या पंगतीला बसतात. खेळाने नाही, मुद्रितशोधकाने भाग्य उजळलं!

आणि एक कार्ड असं आहे की ते माझ्या हाती कधी येणार नाही, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. कॅलिफोर्नियातला ओकलंडचा संघ, साल १९१६. जिमी क्लॅक्स्टन नावाचा डावखुरा पिचर संघात घेतला गेला, मूळ अमेरिकन आदिवासी म्हणून. २८ मे रोजी त्याने एकाच दिवसातल्या दोन्ही सामन्यांत पिचिंग केलं. त्याच्या अंगात कृष्णवर्णीयांचं रक्त आहे हे कोणीतरी सांगितलं आणि आठवड्याभरात त्याला घरी पाठवलं. पण त्याच मोजक्या दिवसांत झीनट नावाच्या मिठाईच्या खोक्यात घालायच्या कार्डांसाठी छायाचित्रकार येऊन गेला होता. संघाच्या गणवेशात क्लॅक्स्टनचा फोटो निघाला, छापला गेला आणि पोरांच्या खिशात पोचला. अमेरिकन बेसबॉल कार्डावरचा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. मेजर लीगचं कृष्णवर्णीयांसाठी बंद असलेलं दार उघडणारा जॅकी रॉबिन्सन तिथे आला १९४७ साली, म्हणजे एकतीस वर्षांनी. संघाने माणूस काढून टाकला, कार्ड परत गोळा करायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

हे सगळं टिकलं कसं, तर जेफरसन बर्डिक या माणसामुळे. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा साधा कामगार, कारखान्यात विजेचे सुटे भाग जोडायचा. संधिवाताने बोटं वाकडी झालेली. बेसबॉलचं म्हणाल तर मैदानावर जाऊन त्याने सामना कधी पाहिलाच नाही म्हणतात. त्याला कागदाचं वेड. कार्डांची यादी त्याने केली, ‘टी’ म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखू हे अक्षरही त्याचंच. स्वतःजवळचे तीन लाखांहून जास्त कागद त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकले आणि मग अनेक वर्षं तिथे येऊन, दुखऱ्या हातांनी, स्वतः वह्यांमध्ये चिकटवत बसला. १० जानेवारी १९६३ ला शेवटचा कागद लागला. दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात दाखल झाला, मार्चमध्ये गेला.

त्या वह्यांमध्ये वॅग्नरचं कार्डही आहे. बर्डिकच्या स्वतःच्याच यादीत त्याची किंमत ५० डॉलर लावली होती, आणि बाकीच्यांना काही सेंट. चिकटवताना मात्र त्याने सगळ्यांना एकच डिंक वापरला.

नमस्कार.